तोंडचा घास

१

सकाळची शाळा सुटली की मनकर्णा छावणीवर यायची, दप्तर बांबूला अडकवायची, घागरीतलं कोमट पाणी प्यायची आणि आईच्या उशाशी बसून तिचं डोकं दाबायला घ्यायची. जेवण त्यानंतर. हे काम तिच्याकडं कधी आलं ते आता तिलाही सांगता आलं नसतं. शाळेत पाढे म्हणावेत तसं ते रोजचं झालं होतं.

शिरूरच्या अलीकडं, सोसायटीच्या पडीक माळावर ती चारा छावणी होती. पाऊस दोन वर्षं तोंड फिरवून बसला होता. गावात प्यायला पाणी नव्हतं, तिथं जनावरांना कुठून आणणार? म्हणून सोसायटीनं माळावर दावणी बांधल्या, वर जुन्या साड्या आणि पोती ताणून सावली केली, आणि गावोगावची जनावरं तिथं येऊन उभी राहिली. जनावरांमागं माणसंही आली. दावणीच्या मागं बाज, चूल, घागर, एवढ्यात एकेक घर मावलं. ट्रकनं चारा यायचा तो उसाचा. हिवाळाभर ज्या बायकांनी कारखान्यासाठी ऊस तोडला, त्याच आता तोच ऊस तुकडे करून गाईम्हशींपुढं टाकत होत्या.

मनकर्णाची आई सुभद्रा बाजेवर डोळे मिटून पडलेली असायची. कपाळाला जुन्या लुगड्याची पट्टी इतकी आवळलेली, की ती सोडल्यावर कातडीवर विणीचा ठसा दिसायचा.

"जोरात दाब, मने. तुझ्या हातात काय जीवच न्हाई."

"दुखंल ना."

"दुखतंय त्यालाच दुखू दे. रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागला. आता जरा लागला तर बघू."

मनकर्णानं दोन्ही अंगठे कानशिलांवर ठेवले. हळूहळू आईचा श्वास लांब झाला. झोप लागली असावी. ओठ मिटलेले, कोरडे, अगदी शांत.

पण अंगठ्यांखाली काहीतरी हलत होतं.

कानशिलाच्या कातडीखाली एक गोळा वर यायचा आणि खाली जायचा. वर, खाली. मग दातांचा आवाज यायचा, जात्यात खडा आल्यासारखा. असं बराच वेळ चालायचं. मग थांबायचं. आईचा गळा हलायचा, गिळल्यासारखा. आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

झोपेत दात खाणारी माणसं मनकर्णानं पाहिली होती. तिची आजी खायची, शेजारचा एक पोरगाही खायचा. पण कुणी दात खाताना मधेच गिळत नाही.

पलीकडं तिचे वडील शहादेव तंबाखू मळत बसले होते. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "दसऱ्यापातूर हिचं डोकं उतरलं न्हाई, तर मला दुसरा हात बघावा लागंल."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको उठली नाही तर नवऱ्याचा उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. शहादेवच्या घरात दुसरा हात एकच होता. जूनमध्ये तो दहावीत जाणार होता.

वडिलांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी बघितलं नाही म्हणूनच तिला कळलं.

२

सुभद्राचं डोकं काही आजचं नव्हतं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं, हे तिनं लग्नापासून केलं होतं. फळी हलते. मोळी मागं ओढते. खालून मुकादम ओरडतो, "दात आवळ आन् चढ!" ती दात आवळायची आणि चढायची. घरी आल्यावर मोळी नसायची, पण दात आवळलेलेच राहायचे. भाकरी चावताना कानाजवळ टक्कन आवाज व्हायचा. ते सगळं जुनं, ओळखीचं होतं.

नवं होतं ते गिळणं. आणि ते नेमकं कधीपासून, हे मनकर्णाला ठाऊक होतं, कारण ती त्या दिवशी तिथंच उभी होती.

त्यांची एकच गाय होती, तांबडी. सुभद्रानं ती माहेराहून आणलेली. ऊसतोडीला जाताना ही मंडळी तिला बरोबर न्यायची, कारण फडात उसाचं हिरवं वाढं पोटभर मिळतं. आता ती गाभण होती. छावणीत आल्यावर पंधरवड्यातच तिनं रवंथ सोडलं. नुसती उभी राहायची, तोंड मिटून, डोळे कुठंतरी लावून. जनावरांच्या डॉक्टरांची फेरी होऊन गेली होती आणि पुढची कधी ते कुणी सांगत नव्हतं.

जनावरानं रवंथ सोडलं की निरोग्या जनावराच्या तोंडातला चघळता घास काढून त्याच्या तोंडात घालायचा, ही त्या घरांमधली जुनी रीत. पण घास देणारं जनावर मग खाली बसतं, असंही म्हणतात. म्हणून मागायला गेलं की लोक दुसरीकडं बघतात.

शेजारच्या दावणीला साखराबाईची म्हैस होती. साखराबाईनं तर तोंडावर सांगितलं.

"सुभद्रे, मीठ माग, पीठ माग. माझा नवरा माग, दोन दिस वापरून वापस आन. पर म्हशीचा घास मागू नको."

"तुझा नवरा घेऊन काय करू? त्याला बी चाराच लागंल," सुभद्रा म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण घास काही मिळाला नाही.

मग सुभद्रा तांबडीपुढं उकिडवी बसली. तिनं उसाचं कांडं घेतलं, दातांनी सोललं आणि चावायला लागली. एकेक चाव्याला कानाजवळ टक्, टक् होत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, तरी ती चावत राहिली. चोथा पार मऊ झाला तेव्हा तिनं तो दोन बोटांनी काढला आणि गाईच्या गालात सारला.

"आई, काय करतीस?" मनकर्णानं विचारलं.

"तुला बी असाच घास देत हुते. दात यायच्या आदी. भाकर चावून, मऊ करून." ती गाईच्या गळ्यावरून हात फिरवत म्हणाली, "हिला बी लेकरूच समज."

बराच वेळ काही झालं नाही. मग तांबडीचा खालचा जबडा एकदा बाजूला सरकला. आणि परत आला. आणि पुन्हा सरकला.

"अगं बया!" साखराबाईनं टाळी वाजवली. "सुभद्रेनं तर गाईला आपले दातच दिले!"

सगळी दावण हसली. सुभद्राही हसली, हनुवटी हातात धरून.

३

उन्हाळ्याच्या सुट्टीत छावणीवर आरोग्य शिबिर भरलं. मांडवात एक दाताच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. मनकर्णा आईला घेऊन गेली, पण सांगायची वेळ आली तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटली. शाळेतही तिचं असंच व्हायचं. उत्तर यायचं, पण तोंडातून निघायचं नाही. जोगदंडबाई म्हणायच्या, "मनकर्णा, तोंडात काय धरून बसलीस? टाक ते बाहेर," आणि वर्ग हसायचा.

डॉक्टरबाईंनी तिच्या बोलण्याची वाट बघितली नाही. त्यांनी आईच्या कानापुढं दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "उघडा. मिटा. उघडा." टक्. "सकाळी उठल्यावर जबडा जड असतो?"

"दगड बांधल्यावानी."

"डोकं कुठं दुखतं? इथून इथपर्यंत, पट्टा आवळल्यासारखं?"

सुभद्रा आश्चर्यानं बघत राहिली. "तुमाला कुणी सांगितलं?"

बाई हसल्या. "जबडा, डोकं आणि झोप. एकाच दाव्याला बांधलेली तीन जनावरं आहेत ही. एक ओढलं की बाकीची दोन येतातच. दात आवळता म्हणून डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणून झोप नाही, झोप मोडते म्हणून पुन्हा दात आवळता." त्यांनी सांगितलं की गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं, मऊ खायचं, आणि बीडला येऊन दातांवर बसवायची एक टोपी करून घ्यायची, म्हणजे झोपेत दाताला दात लागणार नाही. "आणि दिवसभर एकच लक्षात ठेवायचं. ओठ मिटलेले, दात सुटलेले."

मनकर्णाला फार हलकं वाटलं. म्हणजे याला नाव होतं. कारण होतं. हे पुस्तकात असणार.

निघताना तिनं सगळं बळ एकवटून विचारलं, "झोपेत... गिळतात का? मधे मधे?"

"लाळ गिळतात ना. आपण सगळेच गिळतो."

हे खरंच होतं. मनकर्णानं ते परत येताना मनाशी पुन्हा पुन्हा म्हटलं. लाळ. सगळेच गिळतात.

४

तरीही तिला दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते न दिसणं जमेना.

दुपारी सगळी छावणी निपचित पडायची. ऊन पोत्यांतून ठिपक्या-ठिपक्यांनी खाली यायचं, माश्या घोंगावायच्या, आणि शेकडो जनावरांचा चघळण्याचा आवाज माळावर पसरायचा, दूर कुठं पाऊस चालू असावा तसा. आई बाजेवर. बाजेच्या पायाशी तांबडी. मनकर्णा मधे, हात आईच्या कानशिलावर आणि नजर गाईच्या तोंडावर.

आईचे दात चालायचे तेव्हा तांबडीचं तोंड थांबलेलं असायचं. आई गिळायची. मग तांबडीच्या गळ्यातून एक गाठ वर सरकताना दिसायची, आणि तांबडी चघळायला लागायची. ती गिळायची. आईचे दात सुरू व्हायचे.

दोघी एकदम कधीच नाही. एक संपली की दुसरी.

मनकर्णानं स्वतःला समजावलं. दोन घड्याळं शेजारी टांगली तर कधीतरी त्यांचे ठोके एकाआड एक पडणारच. शिवाय आई गाईचा आवाज ऐकत झोपते. झोपेतही कान उघडे असतात, विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. मग गाईला लांब नेऊन बघावं. एवढं केलं की ही भानगड मिटली.

तिनं साखराबाईला गाठलं. "मावशी, आईजवळ जरा बसता का? मी तांबडीला हौदावर नेते. आईचे दात थांबले, चालू झाले की मला हाक मारा. डॉक्टरबाईनं बघायला लावलंय." शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि ते इतकं सरळ बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"लई शिकलेली झालीस गं," साखराबाई म्हणाली, पण बसली. तिचा आवाज असा, की तिनं छावणीत हाक मारली तर गावात लोक ओ देत.

हौद दावणींच्या पार पलीकडं होता. तिथून बाज दिसत नव्हती. तांबडीनं पाण्याला तोंड लावलं नाही. ती उभी राहिली, तोंड मिटून, आणि मनकर्णानं तिच्या गालाखाली तळहात धरला. हाड गरम होतं, स्वस्थ होतं.

"थांबली गं!" लांबून हाक आली.

तळहाताखाली जबडा सरकला.

मनकर्णा श्वास धरून उभी राहिली. तांबडी चघळत होती, डोळे अर्धे मिटून, सावकाश. मग थांबली. तिचा गळा हलला.

"चालू झाली!" साखराबाई ओरडली.

पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा. चौथ्यांदा हाक यायच्या आधीच मनकर्णानं गाईच्या गालावरचा हात काढून घेतला आणि फ्रॉकला पुसला.

"काय गं, दमलीस का? अजून वरडू?" साखराबाईनं तिकडून विचारलं.

"नको, मावशी," ती म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

५

बीडला जाणं झालंच नाही. आज टँकर यायचा होता, उद्या जनावरांच्या कानातले बिल्ले तपासायला साहेब यायचे होते, परवा आईलाच उठवत नव्हतं. म्हणून मनकर्णानं आपल्या मनानं एक उपाय केला. लुगड्याच्या काठाची घट्ट घडी घालून तिनं ती शिवली आणि दोन दाढांच्या मधे बसेल एवढी पट्टी केली.

"हे काय, लगाम का?" आई म्हणाली. पण तिनं ती तोंडात धरली.

त्या दुपारी पहिल्यांदा आवाज आला नाही. मनकर्णानं कानशिलांवर अंगठे ठेवले. कातडीखाली गोळा नव्हता. आईच्या कपाळावरची उभी आठी हळूहळू गेली आणि तिचं तोंड एकदम तरुण दिसायला लागलं. मनकर्णाला रडू येईल असं वाटलं. कपड्याची एक पट्टी, बस! मग ते सगळं एकाआड एकचं खूळ? उन्हाचं खूळ, दुसरं काय.

तिनं पायाशी बघितलं. तांबडी तोंड मिटून उभी होती.

ती दुसऱ्या दिवशीही तशीच होती. तिच्यापुढचा ऊस वाळून गेला. पुढं ती खाली बसली, मान लांब करून, आणि शेपटी ओढली तरी उठेना. पोटातलं वासरू कुशीत एका बाजूला ढळल्यासारखं दिसत होतं.

शहादेवनं दोघींकडं बघितलं. "दावणीला बसलेली गाय आन् खाटेला पडलेली बाई. माझं नशीब लई फुललंय."

सुभद्रा बाजेवर उठून बसली. आठवडाभरात ती पहिल्यांदा नीट झोपली होती. तिचे डोळे स्वच्छ होते. त्या स्वच्छ डोळ्यांनी तिनं गाईकडं बघितलं, खूप वेळ. मग तोंडातली पट्टी काढून मनकर्णाच्या हातात दिली.

"हे न्हाई घालनार मी आता."

"आई, पण तुझं डोकं—"

"डोकं हायच की. डोक्याला काय वासरू हुनार हाय का? तिच्या पोटात जीव हाय, मने."

"तुझ्या डोक्याचा अन् तिच्या पोटाचा काय संबंध?" मनकर्णानं विचारलं. तिला वाटलं आई हसेल. म्हणेल, काही नाही, वेडे.

आई बाजेवर आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड करावं तसं पोत्याकडं तोंड करून घेतलं. थोड्या वेळानं दातांचा आवाज सुरू झाला. तो थांबला तेव्हा पायाशी तांबडी धडपडत उभी राहिली.

मनकर्णा पट्टी धुवायला घेऊन गेली. पट्टी चावून चावून मऊ झाली होती आणि मधोमध हिरवी होती. तिला ओल्या उसाचा वास येत होता. तांबडीला घास दिला त्या दिवसापासून आईनं ऊस तोंडाला लावला नव्हता.

साबण लावला, माती लावली. हिरवं गेलं नाही.

६

शाळा उघडली, पण पाऊस आला नाही. सुभद्राचा जबडा आता एक बोट जाईल इतकाच उघडत होता. पाण्यात कुस्करलेली भाकरी ती ओढून घ्यायची. डोळ्यांखाली काळं आलं होतं. बोलणं तर जवळजवळ बंदच. तांबडी मात्र तुकतुकीत झाली होती. लोक येऊन विचारायचे, हिला काय चारता?

पोळ्याच्या आधी मुकादमाचा निरोप आला, टोळी लिहायची आहे. शहादेवनं कोयत्याला धार लावली आणि मूठ पुढं केली.

"मने, धरून बघ बरं."

तिनं धरला.

"असा न्हाई. अंगठा वर घे. हां." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "एकच साल. पुढल्या साली पुन्हा शाळा."

पुढल्या साली पुन्हा शाळेत आलेली एकही मुलगी तिच्या ओळखीची नव्हती. कोयता तिला वाटला होता त्यापेक्षा हलका होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दुपारी ती नेहमीसारखी आईच्या उशाशी बसली. वडील निरोपाचं उत्तर द्यायला गेले होते. वारा पडला होता. तांबडी चघळत होती. मनकर्णानं आईच्या तोंडाकडं बघितलं, गाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि तांबडीनं गिळेपर्यंत वाट बघितली.

आईचा गळा हलला. काहीतरी वर आलं.

"आई," मनकर्णा म्हणाली. "मला घास दे."

तिनं ठरवून म्हटलं असं नाही. शब्द आले, तिच्या तोंडातून एरवी येत नाहीत तसे, सहज.

आई जागी झाली नाही. डोळे मिटलेलेच होते. पण तिचा उजवा हात उठला आणि ओठांशी गेला. दोन बोटं आत गेली. जबडा जेवढा उघडत होता त्यापेक्षा जास्त उघडला, टक् असा आवाजही न होता. मग बोटं मिटून हात बाजूला आला आणि हवेत चाचपडायला लागला. मनकर्णा बाजेशी बसली होती, पण हात तिथं आला नाही. तो खाली, मांडीजवळ शोधत होता. दात न आलेल्या लेकराचं तोंड जिथं असतं, तिथं.

मनकर्णा वाकली. मान खाली घालून तिनं त्या उंचीवर तोंड नेलं आणि उघडलं.

ते गरम होतं. गोड होतं. ते काय आहे हे बघायची तिची इच्छा नव्हती, म्हणून तिनं डोळेही मिटून घेतले, आणि ओठही.

आईचा हात रिकामा होऊन मांडीवर पडला. तिचा जबडा सैल झाला, थोडा खाली आला, आणि राहिला तसाच. ओठ मिटलेले, दात सुटलेले. तांबडी मान वळवून बघत होती. ती आईकडं बघत नव्हती.

तांबडीचं तोंड थांबलेलं होतं. म्हणजे आता तिची पाळी नव्हती.

मनकर्णानं दातावर दात टेकवले.

७

संध्याकाळी सुभद्रा उठली आणि तिनं जांभई दिली, पूर्ण, कानापर्यंत. साखराबाई म्हणाली, "माशी जाईल गं!" आठ दिवसांत ती उभी राहून भाकरी खायला लागली. तांबडी व्याली, कालवड झाली. दसरा उलटल्यावर ट्रक आला. भांडी, चुली, लेकरं, गाय आणि कालवड, सगळं वर चढलं. टोळीत शहादेव आणि सुभद्राचा पूर्ण कोयता होता.

निघताना सुभद्रानं लेकीकडं निरखून बघितलं. "मने, तोंड कावून हलतंय तुझं?"

"शेंगदाणा हाय."

आईनं तिच्या हनुवटीला हात लावला. आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. ती काही बोलणार होती, पण ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

ज्यांचे आईबाप तोडीला गेलेत अशा मुलींसाठी शाळेतच राहायची सोय होती. मनकर्णा तिथं राहिली. तिनं कपाळाला पट्टी बांधायला सुरुवात केली. "रात्री कोण दात खातं गं?" मुली विचारायच्या, आणि ती पांघरूण डोक्यावर घ्यायची.

पण ती शिकली. आपली पाळी आणि पलीकडची पाळी, हे तिला आता आतूनच कळायचं. आपली पाळी असली की खाली मान घालून पुस्तक वाचायचं. गिळलं की मोकळीक मिळायची. तेवढ्यात जेवायचं, तेवढ्यात बोलायचं, तेवढ्यात कविता म्हणून टाकायची. लांब कुठल्याशा फडात तांबडी उभी आहे, वाढं खाऊन निवांत, आणि आता ती चघळतेय, हे त्या मोकळ्या वेळात मनकर्णाला माहीत असायचं. कधी कधी त्याचा आधारही वाटायचा. सहामाहीत ती वर्गात तिसरी आली.

थंडीतल्या एका सकाळी तिनं गिळलं, आणि मोकळीक आली नाही.

गिळलेलं लगेच वर आलं. तिनं चघळलं, पुन्हा गिळलं. ते पुन्हा वर आलं. पलीकडं तांबडी घेतच नव्हती. प्रार्थना झाली, हजेरी झाली. हजेरीला तिला "हजर" म्हणता आलं नाही, नुसता हात वर केला. पहिला तास संपला. कानशिलं फुटतील असं वाटत होतं. तिनं हनुवटी मुठीनं दाबून धरली, तर मूठही हलायला लागली.

"मनकर्णा," जोगदंडबाई फळ्यापासून म्हणाल्या. "तोंडात काय आहे?"

वर्ग हसला, सवयीनं. मनकर्णानं मान हलवली. काही नाही.

"मग काय चघळतेस मघापासून? इकडं ये. उघड बघू."

ती पुढं गेली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, म्हणून तिला वाकावं लागलं. तिनं तोंड उघडलं. कानाजवळ टक्कन झालं, आणि ओल्या उसाचा वास पहिल्या बाकापर्यंत गेला. तिथल्या मुलीनं नाकाला ओढणी लावली.

बाईंनी आत बघितलं. त्यांच्या बोटांतला खडू मांडीवर पडला, तिथून घरंगळत फरशीवर गेला. वर्गातलं हसणं एकेक करून बंद झालं. बाई बघतच राहिल्या, जरा मागं सरकून, आणि मग त्यांचा हात मनकर्णाच्या केसांवर आला.

"मिट," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मिट, बाळ."